शून्याखाली कधी उतरायचं?

जर्मनीतल्या प्राथमिक शाळेत मूल चार वर्षांत दहा लाखांपर्यंत चढतं, पण शून्याच्या खाली एक पायरीही उतरत नाही. पहिलीत वीसपर्यंत, दुसरीत शंभरपर्यंत, तिसरीत हजारपर्यंत आणि चौथीत दहा लाखांपर्यंत, असा तिथल्या गणिताचा जिना आहे. सोळा राज्यांचे अभ्यासक्रम वेगवेगळे असले, तरी राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने 2004 साली ठरवलेली मानकं या बाबतीत सगळ्यांना सारखीच आहेत. अर्धा लिटर, पाव तास असे मापांतले अपूर्णांक तेवढे अधूनमधून डोकावतात. ऋण संख्यांची रीतसर ओळख मात्र पाचवी ते सातवीच्या दरम्यान, राज्य आणि शाळेचा प्रकार पाहून होते.

शाळेबाहेरच्या जगाला हे वेळापत्रक माहीत नाही. सुपरमार्केटच्या दाराशी रिकाम्या बाटल्या गिळणारं यंत्र असतं. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट अनामत परत मिळते. नऊ बाटल्या टाकल्या की 2,25 युरोची चिठ्ठी बाहेर येते. ती गल्ल्यावर दिली की बिलात दूध, पाव, चीज यांच्या जोडीला एक ओळ छापून येते: −2,25. चिठ्ठी द्यायचा मान बहुतेक घरांत धाकट्याचा असतो, आणि बिल वाचायला लागलेलं मूल त्या आडव्या रेघेबद्दल विचारणारच. लिफ्टमध्ये तळघरातल्या पार्किंगसाठी −1 चं बटण असतं. जानेवारीत खिडकीबाहेरचा तापमापक −6 दाखवतो. बुंडेसलीगा या फुटबॉल स्पर्धेच्या तक्त्यात तळाच्या संघापुढे गोलफरक −30 असा असतो, आणि तो आठ वर्षांच्या पोराला तोंडपाठ असतो. म्युनिक किंवा श्टुटगार्टमधल्या मराठी आईबापांनी मग काय करावं? वही घेऊन शिकवायला बसावं, की शाळेवर सोडून द्यावं?

शाळेची बाजू आधी ऐकायला हवी, कारण ती आळसातून आलेली नाही. साध्या 3 या आकड्याचे किती अर्थ होतात, हा जर्मन गणित-शिक्षणशास्त्रातला जुना विषय आहे आणि पहिलीच्या वर्गात त्यावर खरंच वेळ दिला जातो. बाकावर तीन मुलं बसली आहेत, शर्यतीत कोणी तिसरा आला, दोरी तीन मीटर आहे, उडी तीनदा मारली, आणि दाराशी तीन नंबरची ट्राम आली. पहिल्या चार ठिकाणी तीन काहीतरी मोजतो किंवा क्रम लावतो. ट्रामवरचा तीन नुसतं नाव आहे. तीन नंबरची ट्राम आणि चार नंबरची ट्राम मिळून सात नंबरची होत नाही. हे मोठ्यांना इतकं उघड वाटतं की मुलाला ते कळायला वेळ लागतो हेच आपण विसरतो.

त्यात परक्या मुलुखातल्या लिखाणाच्या तऱ्हा. जर्मन लिखाणात 3 पुढे ठिपका दिला की तो 'तिसरा' होतो. 1.500 म्हणजे दीड हजार, आणि दीड लिहायचं तर 1,5. सुट्टीत पुण्याला आलेलं मूल किराणा दुकानातली पाटी उलट वाचतं ते उगीच नाही. शिवाय जर्मनमध्ये एकवीसला 'एक-आणि-वीस' म्हणतात, त्यामुळे ऐकलेल्या क्रमाने आकडे मांडून 12 लिहिणारी मुलं दरवर्षी प्रत्येक वर्गात निघतात. मराठीचा क्रमही तोच असल्याने आपल्या मुलांना तो कानाला खटकत नाही, हाताला मात्र खटकतोच. दशक-एकक अजून डळमळीत आहे, त्यावर आणखी ओझं नको, असं शिक्षिका म्हणते तेव्हा तिचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. अपूर्णांकांबाबतही तेच. आठ चाराहून मोठा, म्हणून एक अष्टमांश एक चतुर्थांशाहून मोठा, असं ठासून सांगणारी मुलं कुठल्याही देशात भेटतात.

तरी या जिन्याची एक बाजू मला खटकते. खालच्या पायऱ्या शिकवायच्या नाहीत, इथपर्यंत ठीक. पण त्या नाहीतच, असं सांगितलं जातं. 'तीनातून पाच? जात नाहीत.' हे वाक्य जर्मनीत जितकं ऐकू येतं तितकंच साताऱ्यात आणि सोलापुरातही. ते तेव्हापुरतं सोयीचं असतं, पण मूल ते नियम म्हणून मनात बसवतं. मग 52 मधून 37 वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन घालवतं आणि उत्तर लिहितं 25. हातचा विसरला म्हणून आपण रागावतो. त्याने तर आपलाच नियम इमानाने पाळलेला असतो. पुढे सहावी-सातवीत तोच नियम रद्द झाल्याचं कळतं, तेव्हा गणितातल्या इतर नियमांवरचा विश्वासही थोडा ढळतो.

इतिहास इथे दोन्ही पक्षांना साक्षीला घेता येतो. धन आणि ऋण यांचे नियम ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये मांडले होते. जर्मनीत वजाचं चिन्ह पहिल्यांदा छापलं गेलं ते 1489 मध्ये, लाइपझिगला, योहान्नेस विडमानच्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात. मालाचं वजन ठरल्यापेक्षा किती जास्त, किती कमी, हे दाखवायला ती चिन्हं होती. त्यानंतर 55 वर्षांनी मिखाएल श्टीफेलसारखा जाणता गणिती शून्याखालच्या संख्यांना 'असंबद्ध' म्हणत होता, आणि तरी त्या वापरत होता. (याच श्टीफेलने 1533 मध्ये जगबुडीची तारीख आणि वेळ गणिताने काढून गावाला कामाला लावलं होतं, तेव्हा त्याची मतं थोडी बेतानेच घ्यावीत.) मोठ्या विद्वानालाही ही कल्पना पचायला जड गेली, म्हणजे घाई नको. पण वखारीतल्या कारकुनाचं काम पंडितांसाठी अडलं नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे अपूर्णांकांचं असंच होतं. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे आमच्या आजोबांच्या पिढीने अंश-छेद शिकण्याआधी घोकले. त्या छडीच्या शाळेबद्दल उमाळे काढायचं कारण नाही. घोकलेली औटकी म्हणजे समज नव्हे. पण सव्वा, दीड, अडीच हे शब्द अजून मराठी घरात बोलले जातात आणि जर्मनीत ते चक्क उपयोगी पडतात. घड्याळात अडीच वाजले की जर्मन माणूस 'तिसऱ्याचा अर्धा' या धाटणीने बोलतो. श्टुटगार्टकडे पावणेतीनला 'पाऊण तीन' म्हणायची रीत आहे. घरी पावणेतीन ऐकलेल्या मुलाला त्यात नवल वाटू नये.

घाईचं खरं कारण मात्र निराळंच असतं. बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात. विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियम या शाळेची शिफारस मिळावी म्हणून आपले आईबाप तिसरीतच पाचवीचं पुस्तक उघडतात आणि ऋण गुणिले ऋण बरोबर धन हे पाठ करून घेतात. यातून चौथीच्या गुणपत्रकात काही पडत नाही, कारण तिथे ते विचारतच नाहीत. मुलाचा मात्र वर्गात कंटाळा वाढतो.

माझा कौल असा: संख्या लवकर भेटू द्याव्यात, त्यांची सूत्रं उशिरा शिकवावीत. सकाळी −4 होतं, दुपारी 3 झालं, किती अंश चढलं? तापमापकावर बोट ठेवून सात वर्षांचं मूल एकेक रेघ मोजत सातावर पोचतं. त्याला चिन्हांचा एकही नियम लागत नाही. बिलातली −2,25 ची ओळ त्याच्याकडूनच वाचून घ्यावी, अर्धा पाव आणायला त्यालाच बेकरीत पाठवावं. वहीत बेरीज-वजाबाकी मात्र शाळेच्या गतीनेच होऊ द्यावी. शिक्षिकेशी स्पर्धा लावून कोणाचंच भलं होत नाही.

आणि पालकसभेत किंवा घरच्या टेबलावर एवढं तरी पाळावं: 'तीनातून पाच जात नाहीत' म्हणू नये. 'जातात, उत्तर शून्याच्या खाली आहे, त्याचे हिशेब तू मोठ्या वर्गात शिकशील,' असं म्हणावं. शिक्षिकेलाही तशी विनंती करावी.