मोठा पिस्टन टाकण्याआधी

“मेस्त्री म्हणतोय मोठा पिस्टन टाकू, गाडी भन्नाट पळेल.” पोराने घरात असे म्हटले की आई म्हणते, आहे ती गाडी काय वाईट आहे? वडील म्हणतात, पैसे काय झाडाला लागलेत? पोरगा गप्प बसतो आणि मनातल्या मनात बेत पक्का करतो. म्हणून या वेळी आम्ही चूल, शाळा आणि औषधपाणी बाजूला ठेवून पिस्टनवर लिहीत आहोत. भगिनींनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. गाडीचा हप्ता घरच्याच पैशातून जातो आणि मागच्या सीटवर घरचीच माणसे बसतात.

कोल्हापुरात हा विषय निघणारच. शिवाजी उद्यमनगरात इंजिनकामाची जुनी परंपरा आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात. पिस्टन बनवणारी मेनन पिस्टन्स ही कंपनीही शिरोलीचीच. आपल्या कितीतरी घरांतला एखादा माणूस मोल्डर, फिटर नाहीतर टर्नर असतो. तेव्हा पोराला इंजिन उघडून बघावेसे वाटले तर त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. मात्र ‘मोठा पिस्टन’ या दोन शब्दांत दोन अगदी वेगळी कामे दडलेली आहेत. आधी ती वेगळी करू.

पहिले काम दुरुस्तीचे. सिलिंडरमध्ये पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो. वर्षानुवर्षे घासून सिलिंडर झिजतो, गोलाई जाते आणि रिंगा नीट धरत नाहीत. मग ऑईल वर चढून जळते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, चढाला गाडी दम टाकते आणि सकाळी थंड इंजिन खडखडते. अशा वेळी मेस्त्री ब्लॉक बोअरिंगला पाठवतो. सिलिंडर आतून किंचित मोठा करून त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. त्याची मापे साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशी पायरीपायरीने वाढतात. शेवटचे माप संपले की नवी स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक लागतो. काही नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. तो नेहमीसारखा बोअर करता येत नाही, तेथे ब्लॉकच बदलावा लागतो.

या कामाने ताकद वाढते का? हिशेब करून पाहू. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि पिस्टनची फेरी ४९.५ मिलिमीटर आहे. अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला तर इंजिन होते सुमारे ९९ सीसी. म्हणजे वाढ जेमतेम दोन सीसीची. दुरुस्तीनंतर गाडी चांगली पळते ती गेलेले कॉम्प्रेशन परत आले म्हणून. ‘मोठा पिस्टन टाकलाय’ असे सांगून या कामाचे कोणी जादा पैसे मागत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

दुसरे काम हौसेचे. त्यात पूर्ण किट बदलतात आणि पिस्टन कितीतरी मिलिमीटरने मोठा होतो. जुन्या पोरांना आरएक्स १०० आठवत असेल. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनली. तिचा बोअर ५० आणि फेरीही ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. पुढे आलेल्या आरएक्स १३५ चा बोअर ५८ मिलिमीटर, फेरी तीच, इंजिन १३२ सीसी. साहजिकच शंभराच्या गाडीला एकशे पस्तीसचा ब्लॉक बसवण्याची टूम निघाली. जुन्या बुलेटचेही तसेच. साडेतीनशेचा बोअर ७० मिलिमीटर, पाचशेचा ८४, आणि फेरी दोन्हींची ९०. पिस्टन रुंदीला वीस टक्के वाढला, पण इंजिन ३४६ सीसीवरून ४९९ सीसीवर गेले, म्हणजे चव्वेचाळीस टक्के वाढले. रुंदीचा वर्ग होतो, हे शाळेतले गणित येथे उपयोगी पडते.

जोर कशाने वाढतो हे यावरून कळते. मोठ्या पिस्टनवर जळत्या वायूचा दाब जास्त जागेवर पडतो आणि दर फेरीला हवा-पेट्रोलही जास्त आत येते. मात्र पेट्रोल जास्त जळते तेव्हा उष्णताही जास्त होते आणि ॲव्हरेज घटतो. शिवाय हेड जुनेच ठेवले तर कॉम्प्रेशन वाढते. समजा ९८ सीसीच्या इंजिनात वरची जळण्याची जागा १४ सीसी आहे. तेथे मिश्रण आठपट दाबले जाते. तीच जागा ठेवून इंजिन १३२ सीसीचे केले तर दाब सुमारे साडेदहापटीवर जातो. मग पेट्रोल अवेळी पेटते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनला भोकही पडू शकते. जड पिस्टनने क्रँकचा तोल बिघडतो, हँडलला कंप येतो आणि बेअरिंग लवकर जाते. जुना क्लच घसरतो. कार्बोरेटरचे जेट बदलावे लागते. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत तर पेट्रोल किती सोडायचे हे ठरवणारा संगणकही नव्याने जुळवावा लागतो.

आणि ब्रेक? मोठा पिस्टन पळवतो, पण थांबवत नाही. कंपनी स्वतः पिस्टन मोठा करते तेव्हा काय करते ते पाहावे. रॉयल एनफिल्डने २०१३ मध्ये कॉन्टिनेंटल जीटी ५३५ काढली. तिचा बोअर ८७ मिलिमीटरचा केला, पण त्याबरोबर वेगळी मजबूत चौकट दिली आणि पुढे ३०० मिलिमीटरचा डिस्क ब्रेक बसवला. आपण मात्र जुन्याच चौकटीला आणि जुन्याच ड्रम ब्रेकला मोठे इंजिन जोडतो आणि बायको-पोरांना बसवून पन्हाळ्याचा उतार उतरतो.

आता कागदाची बाजू. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर सीसी लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

दंडापेक्षा आम्हाला विम्याची काळजी जास्त वाटते. दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता सीसीवर ठरतो. ७५ पर्यंत, १५० पर्यंत, ३५० पर्यंत आणि त्यापुढे असे चार गट आहेत. ३४६ सीसीचा हप्ता भरून ४९९ सीसीची गाडी चालवणारा विमा कंपनीच्या हाती आयते कारण देतो. न कळवता केलेला बदल दाखवून ती गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. माणूस दवाखान्यात आणि घरचे कोर्टाच्या पायऱ्यांवर, अशी पाळी मोलमजुरीच्या घराला परवडणारी नाही. आपल्याकडे गाडी मिरवण्याची वस्तू नसून शिफ्टला वेळेवर पोचवणारे साधन आहे. ती महिनाभर गॅरेजात पडली तर खाडे होतात.

तेव्हा आमचे सांगणे असे. गाडी धूर सोडत असेल तर दुरुस्ती लांबवू नका. बोअरिंगआधी मेस्त्रीला सिलिंडर आपल्यासमोर बोअर गेजने मोजायला सांगा आणि माप लिहून घ्या. पिस्टन व रिंगा नामांकित कंपनीच्या, पक्क्या बिलावर घ्या. काढलेला जुना पिस्टन मागून घ्या. काम झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाडी जोरात ताणू नका आणि ऑईल लवकर बदला. हौसेचे किट मात्र रोजच्या गाडीला नको. जास्त ताकद खरोखर हवी असेल तर जुनी गाडी विकून कंपनीनेच त्या ताकदीची बनवलेली घ्यावी. तिचे ब्रेक, चौकट आणि कागद त्याच मापाचे असतात.

ज्याला वेगाचेच वेड आहे त्याला मैदान आहे. कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग सर्किटवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा झालेल्या आहेत. शर्यतीसाठी इंजिने जुळवणे हीसुद्धा एक विद्या आहे, आणि तिची सुरुवात मायक्रोमीटर वाचण्यापासून होते. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक, टर्नर, मशिनिस्ट हे अभ्यासक्रम मुलांइतकेच मुलींनाही खुले आहेत. किटवर जाणारा पैसा पोराच्या किंवा पोरीच्या अशा शिक्षणावर लागला, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घेणारा एक हात घरात तयार होईल. त्या हाताला उद्यमनगरात काम मिळेल आणि शिरोलीतही मिळेल.