वाघ पिंजऱ्यातून, वाट जेसीबीखाली



नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाची वाघीण चांदोलीत आणून सोडली. ताडोबा-पेंचमधून एकूण आठ वाघ आणायला केंद्राची परवानगी आहे. आमचा याला विरोध नाही. चांदोली ज्यात येते तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली जाहीर झाला खरा, पण नावातला वाघ वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. त्याचा धाक असला की सांबरं एकाच जागी ठाण मांडत नाहीत, कोवळ्या रोपांना उसंत मिळते.

आमचं भांडण वेगळं आहे. डिसेंबर 2023 मध्ये चांदोलीच्या कॅमेऱ्यात एक नर वाघ आला. तो आधी राधानगरीत टिपलेला होता. त्याला कुणी बेशुद्ध केलं नव्हतं, आणलं नव्हतं. आपल्या पायांनी आला. कर्नाटकातल्या काळीच्या जंगलापासून म्हादई, तिळारी, आंबोली, राधानगरी करत चांदोलीपर्यंत वाघांची ही वहिवाट आहे.

तिचं काय चाललंय ते दोडामार्गात जाऊन बघा. जंगल तोडून रबर लावलंय. सरळ रांगा, प्रत्येक खोडाला चिकाची वाटी, खाली झुडूप म्हणून नाही. यात सांबर काय खाणार आणि वाघ कुठे लपणार? उच्च न्यायालयाने 2013 मध्ये इथली वृक्षतोड थांबवायला सांगितलं. 2024 मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायलाही न्यायालयालाच बजावावं लागलं. मग सरकार काय करत होतं?

पलीकडे गोव्यात 2020 च्या जानेवारीत म्हादईत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तिथे व्याघ्र प्रकल्प करायला सांगितलं, तर गोवा सरकार थेट सुप्रीम कोर्टात धावलं!

विष घालणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही. पण वाघाने दुभती गाय मारलेल्या घराला भरपाईसाठी खेटे घालायला लावायचे आणि वर त्यालाच वन्यजीवप्रेम शिकवायचं, हा निलाजरेपणा आहे. चांदोलीसाठी विस्थापित झालेल्या लोकांना हक्काच्या जमिनीसाठी ठिय्ये द्यावे लागले, हेही विसरू नका.

म्हणून पुढचा पिंजरा निघण्याआधी तिळारी ते राधानगरी पट्ट्यातली नवी खाण, नवी तोड बंद करा. गुरांची भरपाई आठवड्याच्या आत द्या. जुन्या विस्थापितांची देणी चुकती करा. येत्या ग्रामसभेत हे तीन ठराव मांडा आणि इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय उठू नका.