आजीचा पाट आणि माझी नवी मशिनं

बडोद्याच्या वाड्यांच्या, शाळांच्या, गणपतींच्या आठवणी आपण इथे भरपूर लिहिल्या. आज जरा भांडणाचं लिहितोय. भांडण माझं माझ्याशीच आहे, पण आपल्यातल्या पुष्कळांना लागू पडेल असं वाटतं.

मागच्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो. मुलाने भेट म्हणून लाकूडकामाचा अख्खा संच पाठवला. ड्रिल, गोल करवत, जिगसॉ, सँडर आणि विजेवरचा रंधा. "बाबा, व्हिडिओ बघून शिका, सोपं असतं," असं फोनवर म्हणाला. महिनाभर रोज रात्री व्हिडिओ बघितले. शेवटी ही म्हणाली, "अहो, नुसतं बघून डोळे जातील. हात कधी चालवणार?" मग हात चालवला, आणि तो नेमका आजीच्या पाटावर चालवला.

दांडिया बाजारचा वाडा विकला तेव्हा मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये जुन्या सामानातलं फार थोडं आलं. त्यात हा पाट होता. सागाची एकच रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. माझी मुंज, मुलाचं उष्टावण, दरसालची भाऊबीज, सगळं याच पाटावर. पट्ट्या खिळखिळ्या झाल्या होत्या, वर तेलाचे डाग पडले होते. म्हटलं, दिवाळीच्या आत नवा करून टाकू.

पहिल्यांदा रंधा फिरवला. लाकडाचे रेषे कोणत्या बाजूने चढतात ते बघायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. उलट बाजूने मशीन गेलं आणि गाठीपाशी लाकडाचा टवकाच निघाला. तो खड्डा घालवायला आणखी फिरवलं, मग दुसरीकडे खड्डा. हाताच्या रंध्याने दहा वेळा घासून जेवढं जातं तेवढं मशीन एका फेरीत नेतं. इंचाची फळी पाऊण इंचाच्याही खाली आली.

मग पट्ट्या कापायला घेतल्या. लाकूड दोन खुर्च्यांवर टेकवलं आणि बरोबर मधोमध गोल करवत घातली. अर्ध्यावर येताच लाकूड मध्ये वाकलं, कापलेली फट मिटली, पातं त्यात चिमटलं आणि मशीन उसळून माझ्या मांडीकडे आलं. खालचा संरक्षक पत्रा जागेवर होता म्हणून आज हे लिहितोय. एका व्हिडिओत तो पत्रा अडकवून ठेवायची युक्ती दाखवली होती, "कापताना दिसायला बरं पडतं" म्हणून. नशीब, ती मी केली नव्हती. हिला त्या दिवशी काही सांगितलं नाही. आता इथे वाचेल.

पट्ट्या शेवटी बसवल्या. भरपूर फेविकॉल, शिवाय सहा-सहा स्क्रू. दिवाळीला पाट चकाचक दिसत होता, बहिणीनेही कौतुक केलं. आणि मे महिन्यात, भर दुपारी, आतल्या खोलीतून काडकन आवाज आला. पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा तडकला होता.

रावपुऱ्यात एक जुने सुतार आहेत, आम्ही त्यांना मिस्त्रीकाकाच म्हणतो. त्यांच्याकडे पाट घेऊन गेलो. त्यांनी उलटा केला, स्क्रू मोजले आणि हसले. म्हणाले, "भाऊ, लाकडुं तो चोमासामां फूले, उनाळामां सुकाय. तमे एने बांधी राख्युं." म्हणजे पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात सुकतं, आणि तुम्ही त्याला बांधून ठेवलंत.

सगळी चूक एवढीच होती. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलतं. फूटभर रुंदीची सागाची फळी पावसाळा ते उन्हाळा दोन-तीन मिलिमीटरपर्यंत कमीजास्त होऊ शकते. खालची पट्टी आडवी, म्हणजे तिची लांबी फळीच्या रुंदीवर. पट्टी हलणार नाही, फळीला आकसायचं आहे. गोंदाने आणि स्क्रूने दोन्ही जखडलं तर फळी फाटणारच. यात फेविकॉलचा काही दोष नाही. मी बघितलेल्या व्हिडिओंत हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी पुढे ढकललं असेल.

माझं म्हणणं असं की, नवशिक्याने मशिनांचा अख्खा संच एकदम घेऊच नये, आणि भेट आलाच तर चार महिने पेटी बंद ठेवावी. मशीन वाईट असतं म्हणून नव्हे. मिस्त्रीकाका स्वतः मशीन वापरतात आणि कामं झपाट्याने करतात. पण रेषा कोणीकडे चढतो हे त्यांच्या बोटांना आधीच कळलेलं असतं. मशीन हातात येण्याआधी चाळीस वर्षं हातात रंधा होता. मी ती चाळीस वर्षं सोळा हजारांत विकत मिळतील असं समजलो.

सुरुवातीला चार वस्तू पुरतात. गुण्या, एक चांगली हातकरवत, एक पटाशी आणि धार लावायचा दगड. मिस्त्रीकाकांनी मला चार रविवार नुसती पटाशीला धार लावायला बसवलं. पहिल्या रविवारी राग आला. चौथ्या रविवारी सागाची पातळ साल कागदासारखी निघाली तेव्हा कळलं, बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हत्यार निसटतं. रेघेवर कापायचं नसतं, टाकाऊ बाजूने रेघेला लागून कापायचं, कारण पात्याची जाडीच दोन-अडीच मिलिमीटर लाकूड खाते, हेही तिथेच शिकलो.

मशीन सुरू कराल तेव्हा फिरत्या पात्याशी हातमोजे घालू नका, पातं मोज्यासकट हात ओढतं. लाकूड असं टेकवा की कापलेला तुकडा मोकळा पडेल. ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं अजिबात लावू नका, ते मशीन मिनिटाला 11000 फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि उसळलं तर धरवत नाही. आणि मास्क लावा. लाकडाच्या बारीक भुशाने कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवलेलं आहे. बंद गॅलरीत तो भुसा तुमच्याच घरात राहतो.

पण मला खरं बोचलं ते निराळंच.

आपण बडोदेकर कलाभवनाचं नाव फार अभिमानाने घेतो. 1890 साली सयाजीराव महाराजांनी ते काढलं, प्रोफेसर गज्जरांनी उभं केलं, दादासाहेब फाळके तिथे शिकले. भाषणात हे सगळं येतं. पण आमच्या घरातून तिथे कुणी गेलं नाही. आमच्याकडे लेखणी धरायची, हत्यार नाही. वाड्यात मिस्त्री यायचा तेव्हा त्याचा चहाचा कप निराळा असायचा, कोनाड्यात पालथा ठेवलेला. मजुरीत आठ आणे कमी केले की आजोबांना दिवसभर बरं वाटायचं. तो पाटही कुणा मिस्त्रीनेच केला असणार. त्याचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

आणि आता त्याच घरातला मी, साठीनंतर, तेच काम "छंद" म्हणून करायला निघालो आणि वाटलं की व्हिडिओ बघून येईल. अक्षर गिरवायला दोन वर्षं लागतात हे आपण मान्य करतो, मग लाकडाला महिना कसा पुरेल?

म्हणून मिस्त्रीकाकांना म्हटलं, शिकवल्याचे पैसे द्यायचे आहेत. ते संकोचले, "एमां शुं शिखव्युं?" म्हणाले. मी त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी दर रविवारी देतो. बँकेच्या परीक्षेच्या शिकवणीला आपण घासाघीस करत नाही, इथेही करू नये. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही, एका कंपनीत कामाला आहे. म्हणजे हे हात गेले की त्यांच्याबरोबरच जाणार. माझ्यासारखे चार म्हातारे शिकून ते वाचवतील असं नाही. पण निदान ती विद्या आहे एवढं तरी मान्य केलं पाहिजे.

पाटाची तड त्यांनी सरळ कापली, दोन्ही कडा हाताच्या रंध्याने जुळवून चिकटवल्या. पट्टीला गोंद नाही. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं, म्हणजे फळीला सरकायला जागा. या पावसाळ्यात पाट फुगला आणि काही झालं नाही. मधोमध जोडाची रेघ दिसते. रुंदीला बोटभर कमी झालाय. बहीण भाऊबीजेला विचारेलच, काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुमच्या घरातला पाट, देव्हारा, झोपाळा कुणी केला होता, नाव ठाऊक आहे का? असेल तर खाली जरूर लिहा.