दिवसाचं पाणी
रब्बी लागली की गावात एकच चौकशी: या आठवड्यात लाइट दिवसाची की रात्रीची? शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते, आणि रात्रपाळी असली की कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन गव्हाला दारं धरायला जावं लागतं. पायाखाली चिखल, मनात सापाची धास्ती. परवा एका रानात सौरपंप पाहिला. ऊन चढलं तशी पाइपातली धार जाड झाली, ढग आला की बारीक. घरची सून पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्यानं अगदी देव्हारा पुसावा तशी पुसत होती. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत किमतीचे १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी ५. डिझेल, कोळसा वाचतो, हवेत कार्बन कमी जातो, हे मोलाचंच. पण माझ्या लेखी शेतकऱ्याला रात्रीची झोप परत मिळणं हाच पहिला विकास. मात्र फुकटच्या उन्हावर पंप दिवसभर चालला तर विहिरीचा तळ दिसायला वेळ लागणार नाही. म्हणून सौरपंपासोबत ठिबक सक्तीचं करा, आणि अनुदान दोन्हींचं एकाच अर्जावर द्या. शेतकऱ्याला दोनदा तालुक्याला पळवू नका.