खरकट्याचाही एक धर्म आहे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगजाननाचे घरोघरी आगमन होते, पाठोपाठ सोनपावलांनी गौरी येतात, आणि महाराष्ट्रातील गृहस्थाश्रम आपल्या पूर्ण वैभवाने प्रकट होतो. एकवीस मोदकांचा नैवेद्य, एकवीस दूर्वांच्या जुड्या, गौरीपुढे सोळा भाज्या, केळीच्या पानांवरील पंगती! या सोहळ्याचे गुणगान करणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकास पंगत उठल्यावर जे उरते त्याविषयी दोन शब्द निवेदन करावयाचे आहेत. सणाच्या दिवशी हा विषय काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या धर्माने अन्नाला ब्रह्म म्हटले, त्या धर्माच्या अनुयायांनी अन्नाच्या अखेरच्या अवस्थेकडे पाठ फिरवावी, हेच खरे अप्रशस्त होय.

ओला आणि सुका कचरा निरनिराळा ठेवावा, ही सूचना आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे कर्तव्य ज्याच्या घरी कचरा निर्माण होतो त्याच्यावरच सोपविले. तरीही अनेक भाविक घरांत ही नसती कटकट मानली जाते. तक्रारी सर्वस्वी खोट्या नाहीत. दीड खोलीच्या बिऱ्हाडात दोन बादल्या ठेवाव्या कोठे? पावसाळ्यात खरकट्याला तासाभरात वास सुटतो, चिलटे घोंगावतात. घंटागाडी कधी पहाटे येते, कधी येतच नाही. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ही की, घरी कष्टाने वेगळे केलेले कित्येकदा डोळ्यांदेखत गाडीत एकत्र ओतले जाते. मग हा खटाटोप कशासाठी, असे गृहिणीने विचारले तर तिला दोष देता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या पुस्तकात शोधण्यापूर्वी आपल्या स्मृतिग्रंथांत पाहावे. गृहस्थाच्या घरी पाच ठिकाणी नकळत जीवहिंसा घडते, असे स्मृतिकार सांगतात. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच स्थाने. त्यांना 'पंचसूना' अशी संज्ञा आहे. त्या दोषाच्या परिहारार्थ गृहस्थास पंचमहायज्ञ सांगितले. त्यांतील भूतयज्ञ म्हणजे कावळा, कुत्रा, किडा-मुंगी आणि समाजाने दूर लोटलेली माणसे यांच्यासाठी काढावयाचा अन्नभाग. तो फेकू नये, हलक्या हाताने भूमीवर ठेवावा, असा स्मृतीचा दंडक आहे. मनाचे किती हे मार्दव! मुंगीच्या वाट्याचे अन्नही भिरकावू नये म्हणणाऱ्या परंपरेचे आपण वारस, आणि भात, आमटी, फुटलेली काच व वापरलेले ब्लेड एकाच पिशवीत कोंबून ती जिन्यावरून खाली भिरकावतो!

ती पिशवी पुढे कोणाच्या तरी हातांनी उघडली जाते. नासलेल्या अन्नात हात घालून त्यातून कागद, काच, पत्रा वेचणारी ती बहुधा एखादी गरीब भगिनी असते. पुण्यातील अशा कष्टकऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारून आपल्या श्रमांना मान मिळावा म्हणून आवाज उठविला. आपण जे वेगळे करीत नाही, ते कोणाला तरी करावेच लागते. आपल्याला ज्या खरकट्याचा विटाळ वाटतो, ते दुसऱ्याने चिवडावे ही अपेक्षा कोणत्या सोवळ्यात बसते? गाडीत पुढे सारे एकत्र होत असेल, तर त्याचा जाब नगरपालिकेस अवश्य विचारावा. आळीतील चार गृहस्थांनी मिळून विचारावा. पण काचेने हात कापतो तो आपल्या पिशवीत, आणि ती बांधणारे आपण असतो.

जी गोष्ट माणसाची तीच गोमातेची. क्षेत्राच्या गावी गोग्रास घालणाऱ्यांची वाण नाही. तथापि सणाच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर तीच गाय गाठ मारलेली पिशवी अन्नाच्या वासाने पिशवीसकट गिळते. प्लास्टिक तिच्या पोटात साचत जाते आणि शस्त्रक्रियेने ते किलोंच्या मापाने काढावे लागते. राज्यात २०१८ साली अशा पिशव्यांवर बंदी आली, तरी त्या अद्याप आपल्या घरांतून गेलेल्या नाहीत. एका हाताने गोग्रास आणि दुसऱ्या हाताने हे विष, हा कोणता आचार?

निर्माल्याचाही विचार याच ओघात करावयास हवा. ज्या शिवमहिम्नाचे पठण आपल्या घरांतून होते, त्याच्या उगमाची कथा भाविकांस ठाऊक आहे. पुष्पदंत नामक गंधर्व राजाच्या उद्यानातील फुले अदृश्य रूपाने चोरीत असे. राजाने वाटेत शिवनिर्माल्य पसरून ठेवले; नकळत त्यावर पाऊल पडले आणि गंधर्वाची सिद्धी लोपली. मग शंकराच्या प्रसादनार्थ त्याने ते स्तोत्र रचिले. अजाणता निर्माल्य तुडविल्याचा एवढा दोष! मग जाणूनबुजून ते थर्मोकोल, जरीच्या फिती आणि उष्ट्या पत्रावळींत मिसळून कचऱ्याच्या डोंगरावर पाठविणाऱ्यांनी काय म्हणावे? 'निर्माल्य' या शब्दातच 'माल्य' आहे. माल्य म्हणजे फुलांची माळ. प्लास्टिकची फीत निर्माल्य नव्हे, आणि ती नदीत सोडल्याने पवित्रही होत नाही.

वास्तविक वेगळे ठेवणे आपल्या घरांना नवीन नाही. नैवेद्याचे पान वेगळे, काकबळी वेगळा, उष्टे वेगळे, खरकटे वेगळे. खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवू न देणाऱ्या घराने दोन बादल्या वेगळ्या ठेवता येत नाहीत म्हणावे, हे नवलच! भाजीची देठे, साली, केळीची पाने, उष्टे अन्न एका बादलीत. तळाशी जुने वर्तमानपत्र घालावे, पातळ पदार्थ निथळून घ्यावेत, वर मूठभर सुका पाचोळा टाकावा, म्हणजे वास पुष्कळ कमी होतो. हारातील दोरा व जरी ओढून काढावी आणि फुले, दूर्वा सावलीत सुकवाव्यात. अंगण वा गच्ची असेल त्यांनी भोके पाडलेल्या कुंडीत हे सारे पाचोळ्यासह थरांनी घालून अधूनमधून हलवावे. दीड-दोन महिन्यांत त्याची काळी माती होते. गजाननाला वाहिलेले फूल आपल्याच तुळशीच्या मुळाशी जावे, याहून सुंदर विसर्जन कोणते? काच व ब्लेड मात्र जाड कागदात गुंडाळून त्यावर तशी खूण करावी.

एक गोष्ट पुरुषवर्गास सांगणे प्राप्त आहे. पंचमहायज्ञ गृहस्थास सांगितले आहेत. यजमान तो आहे. चाळीस पानांचा स्वयंपाक करून थकलेल्या गृहलक्ष्मीवरच दोन बादल्यांचा भार टाकून यजमानांनी सुपारी कातरीत बसावे, हा धर्म नव्हे. पान उचलताना ज्याने त्याने आपले उष्टे स्वहस्ते योग्य बादलीत टाकावे. आणि मुळात पानात उष्टे राहणार नाही इतकेच वाढून घ्यावे.

आमच्या कीर्तनपरंपरेत संत गाडगेबाबांनी दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडली. दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकच होती. दिवाळीत लक्ष्मीपूजनास आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. तिच्या कामाला मात्र हलके समजतो. ही विसंगती यंदाच्या उत्सवात दूर व्हावी. देवघरातील पूजा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील त्या दोन बादल्यांपर्यंत पोहोचावी आणि आपल्या सणामुळे कोणाचा हात रक्तबंबाळ होऊ नये, अशी बुद्धी विघ्नहर्त्याने सर्वांस द्यावी, एवढेच त्याच्या चरणी मागणे.