परसांतील मिरची लहान कां राहते?

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं बरींच एकाच तक्रारीचीं आहेत. रोप हिरवेंगार आहे, फुलेंही येतात, परंतु बोटभर लांब व्हावयाची मिरची बोराएवढी होऊन थबकते आणि पुढें तशीच लाल होते. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगांव या बाजूच्या पत्रांत ही तक्रार विशेष आढळते. यावर कोणी बाजारांतून महाग खतें आणलीं, कोणी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. एका घरीं तर याहून निराळाच उपाय झाला. त्याविषयीं पुढें लिहूं.

मिरची ही मूळची आपल्याकडील नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. ती अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत गोव्याच्या किनाऱ्यास लागली आणि मग घाट चढली. सातवाहनांच्या काळीं नाणेघाटानें जुन्नरास जो माल येई, त्यांत मिरची असणें शक्यच नव्हतें. चरक-सुश्रुतांत जें मरिच येतें तें काळें मिरें होय. तेव्हां 'आमच्या प्राचीन शास्त्रांत मिरचीस अमुक खत सांगितलें आहे' असें कोणी म्हणूं लागल्यास त्यास ग्रंथ उघडून दाखवावयास सांगावें. सध्यां कुणपजलाचा बराच बोलबाला आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदांत तें आहे खरें. परंतु कुणप म्हणजे प्रेत, आणि मूळ कृतींत वराहाचें मांस व मज्जा कुजवावयास सांगितली आहे. आतां त्याचा शाकाहारी अवतारही निघाला आहे म्हणा. तथापि नांव उच्चारतांना अर्थ ठाऊक असलेला बरा.

असो. फळ वाढतें तें कशाच्या बळावर? खतपाण्याच्या, असें उत्तर बहुतेक देतील. तें अर्धेंच खरें आहे. फूल उमललें, पराग स्त्रीकेसरावर पडले, आंतील बीजांडें फळलीं, म्हणजे त्या कोवळ्या बियांतून वाढ घडविणारीं संप्रेरकें निघूं लागतात आणि त्यांच्या आज्ञेनें भोंवतालचा गर वाढतो. बिया थोड्या असतील तर आज्ञा करणारेही थोडे. शाळेंत आम्ही बीजांकुरन्याय शिकवीत असूं. बीज आधीं कीं अंकुर आधीं, हा वाद तेथें संपत नाहीं. फळाच्या बाबतींत मात्र वादास जागा नाहीं. बीज धरतें आधीं, गर वाढतो मागाहून.

याचा पुरावा घरांतल्या घरांत पाहावयाचा असेल तर एखादें वांकडें सीताफळ घ्यावें. सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे एक स्वतंत्र लहान फळ असतें. ज्या बाजूच्या डोळ्यांत बी धरलें नाहीं, ती बाजू खुरटते आणि फळ एका अंगास बसकें होतें. निच नांवाच्या शास्त्रज्ञानें १९५० सालीं हेंच स्ट्रॉबेरीवर दाखवून दिलें. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे दाणे दिसतात ते त्यानें कोवळेपणींच काढून टाकले. जेथले दाणे काढले तेथला गर वाढला नाहीं.

यावर चतुर वाचक म्हणतील, नारायणगांवच्या द्राक्षांत बी कोठें असतें? शंका रास्त आहे. बिनबियांचें द्राक्ष स्वभावतः लहानच असतें. बागाईतदार घडांतील मणी विरळ करतात आणि घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणांत बुडवितात, म्हणजे बियांनीं द्यावयाची आज्ञा बाहेरून देतात. या द्रव्याचा शोध जपानांत भाताच्या एका रोगावरून लागला. रोपें भलतींच उंच होऊन आडवीं पडत. तो एका बुरशीच्या रसाचा परिणाम आहे, हें कुरोसावा यांनीं १९२६ सालीं दाखविलें आणि याबुता यांनीं १९३५ सालीं त्या द्रव्यास जिबरेलिन हें नांव दिलें. बागाईतदारांच्या देखादेखी घरच्या चार कुंड्यांवर हें आम्ल फवारूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. प्रमाण चुकलें तर मिरचीचा नुसता बांबू होईल.

तेव्हां परीक्षा अशी करावी. झाडावरील खुरटलेल्या चार मिरच्या तोडून उभ्या चिराव्या. शेजारीं त्याच जातीची एक चांगली भरलेली मिरची चिरून ठेवावी आणि दोहोंतील बिया मोजाव्या. खुरटलेल्या मिरचींत पांच-सात बिया किंवा केवळ पांढरे पोचट ठिपके दिसले, तर दोष परागसिंचनाचा आहे. मग पोतेंभर खत घातलें तरी ती मिरची वाढणार नाहीं. बिया भरपूर असून मिरची लहान असेल, तर कारण अन्यत्र शोधावें.

आतां तें पत्र. घोडेगांवाकडील एका एकत्र कुटुंबांतील सूनबाईंनीं तें लिहिलें आहे. रोपें त्यांनींच बियांपासून केलीं. कार्तिकापर्यंत मिरच्या उत्तम आल्या. मार्गशीर्षापासून लहान येऊं लागल्या. अडचणीच्या दिवसांत सुनेची सावली पडली म्हणून झाड रुसलें, असें घरच्या वडील मंडळींनीं ठरविलें, आणि तेव्हांपासून त्यांना परसांत जाण्याची मनाई झाली. पाणी दुसरें कोणी घालतें. 'झाडाला खरेंच माझें बाधलें असेल का?' एवढेंच त्या विचारतात.

नाहीं बाधलें. ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हे. रोमच्या प्लिनीनें पहिल्या शतकांत असेंच लिहून ठेवलें आहे. आणि घटसर्पाच्या परीक्षेमुळें नांवाजलेले व्हिएन्नाचे डॉक्टर बेला शिक यांनीं १९२० सालीं, मोलकरणीच्या हातांत फुलें कोमेजलेलीं पाहून, त्या दिवसांत शरीरांतून विष निघतें असें प्रतिपादिलें. पुढील काटेकोर परीक्षांत तें टिकलें नाहीं. एवढ्या मोठ्या विद्वानाची जेथें फसगत झाली, तेथें आमच्या आजी-सासूबाईंस बोल लावण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांनीं आतां तीन गोष्टी पाहाव्या, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आषाढापासून कार्तिकापर्यंत याच सुनेचा हात या झाडांस लागत होता आणि मिरच्या बोटभर होत होत्या. तिला दूर ठेवून दोन महिने झाले, तरी मिरची मोठी झाली नाहीं. आणि तिसरें म्हणजे, एक मिरची स्वतःच्या हातानें चिरून आंत पाहावें. बिया सांपडणार नाहींत, असा आमचा अदमास आहे.

कारण या दोन तालुक्यांची थंडी. रात्रीचें उष्णतामान १५ अंशांखालीं गेलें कीं मिरचीचे पराग निकस होतात. आणि पौषांत जुन्नर-आंबेगांवाकडे पारा पहाटे १० अंशांच्या आसपास उतरतो. फूल गळत नाहीं, फळही धरतें, पण बी धरत नाहीं. चैत्र-वैशाखांत याच्या उलट; दिवसा ३५ अंशांवर पारा गेला कीं फुलेंच झडतात. पश्चिमेकडे, भीमाशंकराच्या बाजूस, आषाढ-श्रावणांतील झडीनें पराग भिजतात आणि मधमाशी बाहेर पडत नाहीं. चौथा प्रकार शहरांत राहणाऱ्या मुलाबाळांच्या घरीं दिसतो. गॅलरी कांचेनें बंद, वारा नाहीं, माशी नाहीं. मिरचीचें फूल स्वतःच्या परागानें फळूं शकतें, पण कोणी तरी हलवावें लागतें. सकाळच्या उन्हांत फांदीस बोटानें हलकी टिचकी मारावी. घरांतील लहान मुलें हें काम आनंदानें करतात.

बिया भरपूर निघाल्या तर पानें पाहावीं. पानांच्या कडा वर वळून वाटीसारख्या झाल्या असतील तर फुलकिडे, खालीं वळल्या असतील तर कोळी. यासच आपल्याकडे चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर लिटरभर पाण्यांत भिजवावी आणि तें पाणी गाळून संध्याकाळीं पानांच्या खालच्या बाजूनें फवारावें. कोळ्यांस पाण्यांत मिसळणारें गंधक अधिक लागू पडतें. सारें झाडच आकसून गोळा झालें असेल तर तो विषाणूचा रोग. झाड उपटून दूर टाकावें, दयामाया करूं नये. पानें निरोगी असतील तर कुंडी पाहावी. तेलाच्या लहान डब्यांत मुळें गुंडाळून बसतात; फूटभर रुंद व तितकेंच खोल भांडें मिरचीस हवें. चुलीची राख मूठभरच घालावी, कारण पूर्वेकडील काळ्या जमिनींत चुना आधींच असतो. मातीविषयीं शंका असल्यास नारायणगांवास कृषि विज्ञान केंद्र आहे, तेथें विचारावें.

कोणी लिहितात, शेजारीं लवंगी लावल्यामुळें आमची ज्वाला लहान झाली. तसें होत नाहीं. यंदाच्या फळाचा आकार आईच्या झाडाप्रमाणेंच होतो. संकर झाला असल्यास तो बियांत राहतो आणि पुढच्या वर्षीं दिसतो. म्हणून बी धरावयाचें झाड दूर लावावें. आणि मुळांत लवंगीचेंच बी पेरलें असेल तर मिरची लहान आली म्हणून खंत कशाची?

ज्यांच्या झाडांवर आज खुरटलेल्या मिरच्या आहेत त्यांनीं त्या संक्रांतीच्या सुमारास सर्व तोडून घ्याव्या, म्हणजे झाडाचें बळ त्यांच्यावर खर्च होणार नाहीं. दोन ओंजळी कुजलेलें शेणखत घालावें. माघाच्या अखेरीस रात्री उबदार होऊं लागल्या कीं नवीं फुलें येतील आणि त्यांचें फळ भरेल. तोडलेल्या मिरच्या फेकूं नयेत. तिखटपणा बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या शिरेस चिकटतात तिच्यांत असतो. म्हणून बी नसलेली मिरचीही ठेच्यास चालते, आणि चिरल्यावर हात धुवावे लागतात ते लागतातच.