मोहाखालचा पाला जाळू नका



माघ सरत आला. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीच्या वाटेला लागले, की आता दोन्ही अंगांना मोहाची पाने पिवळी पडून गळताना दिसतात. थोड्याच दिवसांत झाडे उघडी होतील, फांद्यांच्या शेंड्यांना कळ्यांचे झुबके धरतील. काठीची होळी होईल आणि पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन घरोघरची बायकामुले झाडांखाली जातील. त्याच सुमारास रात्री डोंगराकडे पाहिले, तर आगीच्या माळा दिसू लागतात. त्या माळा लागण्यापूर्वी हा अंक आपल्या हाती पडावा, म्हणून भगरीच्या बियाण्याचा ठरलेला विषय बाजूला ठेवून आज मोहाविषयी लिहीत आहे.

शहरातला माणूस वणवा पाहतो आणि म्हणतो, हे लोक जंगल जाळतात. त्याला फुले वेचायची नसतात, म्हणून असे बोलणे सोपे जाते. मोहाचे फूल रात्रीपासून सकाळपर्यंत गळते. खाली वितीएवढा वाळका पाला साचलेला असतो. त्यात फूल शोधायचे म्हणजे डोळे फुटायची वेळ. पाल्यात विंचू असतो, कधी सापही असतो. काडी लावली, की घटकाभरात जमीन साफ होते आणि काळ्या राखेवर पिवळे फूल लांबून दिसते. तेव्हा आग लावण्यात दुष्टावा नाही, ती कष्ट वाचवण्याची युक्ती आहे. हे मान्य करूनच पुढचे बोलतो.

या युक्तीची किंमत मात्र कोणी मांडून पाहत नाही. आपण मांडून पाहू.

आग झाडाखाली लावली, तरी ती झाडाखाली राहत नाही. सपाटीवर ती कदाचित आवरेल, उतारावर आवरत नाही. उतारावर ज्वाळा वरच्या अंगाला झुकते आणि पुढचा पाला पेटण्याआधीच तापवून ठेवते. त्यामुळे डोंगर चढताना माणसाला धाप लागते आणि आग मात्र धावत चढते. त्यात दुपारचे वारे सुटले, की एका झाडाखालची काडी तीन पाड्यांच्या रानाला पुरते.

आता मागे काय राहते ते पाहा. पाल्यातला नत्र धुराबरोबर हवेत जातो. राखेत पालाश आणि चुना उरतो, हे खरे. राख म्हणजे खत असे आपले वडीलधारे म्हणत, तेही चूक नव्हते. पण ती राख उतारावर उघडी पडलेली असते. मृगाची पहिली जोरदार सर आली, की आधी राख वाहते आणि तिच्यामागून माती. पाल्याचे पांघरूण असते, तेव्हा पावसाचा थेंब पानावर फुटतो आणि पाणी हळूहळू मुरते. पांघरूण नसले, की तोच थेंब मातीवर हातोडीसारखा पडतो. आपल्या भगरीची आणि ज्वारीची शेते याच डोंगरांच्या कुशीत आणि पायथ्याला आहेत. माती आधीच वीतभर. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि जायला एक आषाढ पुरतो. दरवर्षी शेतात दगड जास्त का दिसतात, असे मला पुष्कळजण विचारतात. दगड वाढत नाहीत, माती कमी होते.

पाण्याचेही तसेच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या सातपुड्यात त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. तरी चैत्रात हंडा घेऊन झिऱ्याशी कोण बसते? हिवरे बाजारने 1989 नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी केली, चराई बांधून घेतली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. त्यांच्याकडे आपल्यासारखे जंगल नव्हते, ते त्यांना उभे करावे लागले. आपल्याकडे अजून उभे आहे.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. यंदा मोह वेचायला जाल, तेव्हा फुलांवरची नजर जरा काढून झाडाच्या आसपास हिंडा. मनगटाएवढ्या खोडाचा मोह किती ठिकाणी दिसतो? कमरेएवढ्या उंचीची रोपे किती? मी बऱ्याच पाड्यांवर हे पाहत आलो आहे. बहुतेक ठिकाणी आज्या-पणज्यांच्या वेळचे मोठे मोह आहेत, आणि त्यांच्या खाली काही नाही. माणसांच्या वस्तीत सगळे म्हातारेच असावेत आणि अंगणात एकही मूल नसावे, तसे ते रान दिसते. कारण उघड आहे. फुले आपण वेचतो, पुढे बिया तेलासाठी वेचतो, चुकून एखादी रुजली तर शेळी खुडते, आणि शेळीच्या तोंडून वाचलेले रोप फाल्गुनातली आग घेऊन जाते. मोठ्या झाडाला आग लगेच मारत नाही. बुंध्याची साल एका अंगाने भाजते, तिथे पोकळी पडते, पोकळीत वाळवी शिरते, आणि वीस वर्षांनी एका वादळात झाड आडवे होते. तेव्हा त्या काडीची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

झाडे लावण्याचे कार्यक्रम आपल्याकडे कमी नाहीत. राज्य सरकारने 2020 साली माझी वसुंधरा अभियान सुरू केले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर ग्रामपंचायतींनी काम करावे आणि त्याचे गुण मिळावेत, अशी त्याची मांडणी आहे. मांडणी चांगली आहे. पण गावोगाव पाहतो, तर जूनमध्ये खड्डे आणि फोटो, आणि पुढच्या होळीला त्याच खड्ड्यांवरून वणवा. रोपवाटिकेतून आणलेल्या शंभर रोपांपेक्षा मोहाखाली आपणहून उगवलेली दहा रोपे मला मोलाची वाटतात. त्यांचे सोटमूळ पहिल्या दिवसापासून जागेवर असते, त्यांना पाणी घालावे लागत नाही, बिल लागत नाही. फक्त जाळायचे नाही. न जाळलेल्या रानाचा फोटो काढायला कोणी येत नाही, एवढाच त्यात तोटा.

गेल्या मोसमात एका पाड्यावर हे बोलत होतो. एक आजी मागे बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, माझी आठ झाडं. पाला झाडत बसले तर फुलं वेचू कधी? आणि आज झाडलं तर उद्या परत पडतो." प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितले, तेच इथे लिहितो.

मोहाची पाने आधी गळतात आणि फूल नंतर येते. पानगळ बहुतेक उरकली आणि कळ्या फुगल्या, की एकदाच नीट झाडावे. फांद्यांचा घेर जिथवर, तिथवरची जागा दाताळ्याने किंवा तुरकाट्यांच्या खराट्याने बुंध्याकडून बाहेर ओढत न्यावी. नंतर रोज हलका हात पुरतो. बुंध्याशी पाल्याचा ढीग अजिबात ठेवू नये. ओढलेला पाला उताराच्या खालच्या अंगाला एका चरात टाकावा, त्यावर शेणकाला शिंपडावा आणि वर माती लोटावी. पावसाळ्यात तो कुजतो आणि पुढे भगरीच्या शेताला खत होते. आठ झाडे एकटीने झाडणे जड जाते, हे खरेच. म्हणून पाड्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एक दिवस याच्या झाडांखाली, एक दिवस त्याच्या, असे करावे. आपल्याकडे पेरणी-कापणीला एकमेकांच्या शेतात जायची रीत आहेच.

याहून बरा उपाय जाळीचा. चार खुंट रोवून कमरेच्या उंचीवर बारीक जाळी बांधावी, मध्ये थोडी झोळ ठेवावी. झाडाच्या सगळ्या घेराला पुरली नाही, तर फुले जास्त गळतात त्या बाजूला बांधावी. जुन्या लुगड्यांची शिवलेली ताडपत्रीही चालते. फूल मातीला लागत नाही, वेचायला वाकावे लागत नाही, शेळ्यांचे तोंड पोचत नाही, आणि विंचवाची भीती नाही. छत्तीसगडमध्ये जाळीवर धरलेला स्वच्छ मोह खाण्याच्या प्रतीचा म्हणून वेगळा विकला जाऊ लागला आहे. राख-माती लागलेल्या मोहाला तो भाव मिळत नाही. आमचुराचेही असेच. कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या असताना वरच्या डोंगरावर वणवा लागला, की राखेचे कण फोडींवर बसतात, रंग काळवंडतो आणि मोलगीच्या बाजारात व्यापारी पहिले बोट त्यावरच ठेवतो.

आजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, जाळी कोण देणार? तेव्हा आता ग्रामसभेकडे येऊ.

अक्कलकुवा आणि अक्राणी हे आपले तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. इथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे आणि राज्याचे त्याचे नियम 2014 मध्ये झाले. त्या नियमांप्रमाणे एखादा पाडासुद्धा रीतसर ठराव करून आपली वेगळी ग्रामसभा मागू शकतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मिळतात. त्यात गौण वनोपजावर हक्क आहे आणि रान राखण्याचा, वाढवण्याचा अधिकारही आहे. पुष्कळ गावांनी दावे केले, कागद मिळवले, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवले. पेटीतल्या कागदाने रान राखले जात नाही. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि तो ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांत वनीकरण, जलसंधारण आणि वनावर आधारित उपजीविका ही कामे आहेत. जाळीचा खर्च ग्रामसभेने त्यात मागावा. तो रस्त्याच्या आणि पेव्हर ब्लॉकच्या खर्चापुढे फार मोठा नाही.

ठराव करून काय होते, असे कोणी म्हणेल. दोन गावांची गोष्ट सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 साली त्याला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने स्वतःचे नियम केले आणि तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. तेंदूपानांचा पैसा रोख असतो, तो सोडणे सोपे नव्हते. पण चांगल्या पानांसाठी झुडपे छाटतात आणि रानाला आग लावतात, शिवाय तेंदूफळ माणसांना नि पाखरांना मिळत नाही, असा विचार त्यांनी केला. मिळकतीसाठी त्यांनी बांबूवर भर दिला. दुसरे गाव आपल्या शेजारचे, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले बारीपाडा. तिथे चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चारशेहून अधिक हेक्टर रान राखले. झाड तोडणाऱ्याला दंड ठेवला, राखणदार नेमला. पुढे ओढ्या-विहिरींना पाणी टिकू लागले. रानात परतलेल्या भाज्यांची पाककृती स्पर्धा तिथे दरवर्षी भरते. 2025 मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीचे आपण सोडू. रानभाज्यांची स्पर्धा भरवता येईल एवढ्या भाज्या रानात असणे, ही मला अधिक मोठी गोष्ट वाटते.

आपला ठराव मोठा असण्याचे कारण नाही. मोहाखाली कोणी आग लावणार नाही. कोठे आग दिसली, तर कोणत्या पाड्याची किती माणसे कोणत्या बाजूने जातील, हे नावानिशी ठरवावे. दंड किती, हेही लिहावे, आणि तो सरपंचाच्या भाच्यालाही लागू राहावा. वनहक्काच्या बैठकीला गावातल्या निम्म्या मतदारांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. इथे तर त्या अधिकच हव्यात, कारण पहाटे झाडाखाली त्याच असतात. पुरुषांनी आपसात हात वर करून केलेला मोहाचा ठराव झाडाखाली कोणी पाळणार नाही.

वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत धरतात. राखीव वनात आग लावणे 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे आपण जाणताच. जाळरेषा वेळेवर काढल्या गेल्या आहेत का, हे गावाने वनरक्षकाबरोबर जाऊन पाहावे. आपल्या पोरांच्या हातात मोबाईल आहेत. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने दिसलेल्या आगीची सूचना नाव नोंदवणाऱ्याला मोबाईलवर पाठवते. डोंगरात रेंज नसते ही अडचण आहेच, पण मोलगीच्या चौकात उभ्या असलेल्या मुलाला सूचना मिळाली, तरी तो मोटारसायकल काढू शकतो.

आणि बिया. वैशाख-ज्येष्ठात मोहाच्या बिया वेचाल, तेव्हा प्रत्येक घराने आपल्या सर्वांत गोड, भरघोस फुलणाऱ्या एका झाडाच्या मूठभर बिया तेलातून वगळाव्यात. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, पुढच्या वर्षासाठी ठेवले तर उगवत नाही. म्हणून पहिला पाऊस होताच बांधाच्या कडेला किंवा रानातल्या मोकळ्या जागी, एका ठिकाणी दोन-दोन, बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोकाव्यात. भोवती काटेरी फास घालावा आणि तीन दगडांची खूण ठेवावी. फूल यायला दहा वर्षे किंवा अधिक लागतात. आपणहून उगवलेली रोपे सापडली, तर त्यांनाही तसाच फास आणि तशीच खूण करावी, म्हणजे पाला झाडताना दाताळ्याने ती उपटली जाणार नाहीत.

वेचलेला मोह काळा न पडता कसा वाळवावा आणि पावसाळ्यात बुरशी लागू न देता कसा साठवावा, हे पुढच्या अंकात लिहीन. तोवर आपल्या झाडांचे घेर पावलांनी मोजून कागदावर लिहून ठेवा. ग्रामसभेत जाळी मागताना किती हात हवी, हे कोणीतरी विचारेलच.